कॅमेऱ्याची शिकार : एक छंद, एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा, खांब, ता. रोहा)

वन्य प्राण्यांचे छायाचित्रण हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. हातभर लांबीची भिंगे, जीपगाडी, ताडोबा किंवा कान्हा येथील मुक्काम आणि या साऱ्यासाठी लागणारा पैसा यांचा विचार केला, तर ही समजूत अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याच्या घराच्या मागच्या दारातून डोंगर दिसतो आणि पुढच्या दारातून भातखाचरे, त्या रायगड जिल्ह्यातील विद्यार्थ्याने ती जशीच्या तशी मान्य करावी काय? या छंदाचा थोडा इतिहास, त्याचे साधे तंत्र आणि त्यामागची जबाबदारी यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

या कलेचा जन्म शिकारीच्या पोटी झाला आहे. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली पक्ष्याच्या अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून पक्ष्यांच्या छायाचित्रणाची वाटचाल सुरू झाली असे मानतात. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हे मूळचे शिकारी. तेथील आदिवासी रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून हरणांची शिकार करीत. शिरास यांनी तीच युक्ती उचलली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि प्रकाशाचा झोत ठेवला. त्यांची रात्रीची छायाचित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली आणि अंधारातले रान जगाने प्रथमच इतक्या जवळून पाहिले.

आपल्या देशात हे कार्य एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने केले. जनावरांच्या वाटेवर जमिनीलगत तार बांधावयाची. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश पडून चित्र आपोआप निघावयाचे, अशी त्यांची रीत होती. त्यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ साली निघाले. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, हे त्यांच्या छायाचित्रांतून स्पष्ट झाले. आज व्याघ्रगणनेसाठी रानात जे स्वयंचलित कॅमेरे लावतात, त्यांचे मूळ या तारेत आहे. जिम कॉर्बेट यांच्यासारख्या नामांकित शिकाऱ्यालाही कॅमेऱ्याची गोडी लागण्यास चॅम्पियन कारणीभूत झाले.

आता आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावे आहेत. एकेकाळी ज्या पाण्याकडे बंदुकीची नळी रोखली जात असेल, त्याच पाण्यावर आज सांबर, भेकर किंवा आपल्या राज्याचा प्राणी असलेले शेकरू पाहावयास लोक जातात. साऱ्या जगात झालेला बदल आपल्याला एका रानात पाहावयास मिळतो, तो असा!

वाट धरावी, पाठ धरू नये

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. कॅमेरा हा शब्दही आमच्या घरात लग्नापुरताच माहीत होता. सुट्टीत केलेल्या कामाच्या पैशांतून मी एक वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा घरी पहिला प्रश्न आला तो असा की, “फोटोने पोट भरतं का रे?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि त्याचे उत्तर मी पुढे देण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु या छंदातला माझा खरा शिक्षक मला त्याच घरात भेटला. माझे आजोबा तरुणपणी हाक्याला जात असत. ते मला म्हणाले, “पोरा, जनावर दिसलं तर त्याची पाठ धरू नको. त्याची वाट धर. ते आपसूक तुझ्याकडं येईल.”

छायाचित्रणाच्या कोणत्याही पुस्तकातील निम्मे ज्ञान या वाक्यात आले आहे. प्राणी ठरावीक वेळी, ठरावीक वाटेने पाण्यावर किंवा फळझाडावर येतो. आपण अगोदर जाऊन, वारा आपल्याकडे वाहील अशा बाजूस, झुडपाच्या आडोशाने स्वस्थ बसावे. यालाच शिकारी ‘लपण’ म्हणत. कपडे मळकट रंगाचे असावेत. पुढे सरकावयाचे झाल्यास सरळ अंगावर न जाता तिरपे आणि थांबत थांबत जावे. भेकर भुंकू लागले किंवा वानराने खकाणा दिला, तर आपण किंवा दुसरे कोणी तरी ओळखले गेलो आहोत असे समजावे.

उरलेले निम्मे ज्ञान यंत्राचे. भिंग जितके लांब, तितका हाताचा कंप चित्रात मोठा होऊन उतरतो. म्हणून ३०० मिलिमीटरचे भिंग हातात धरून चित्र घ्यावयाचे असेल, तर पडदा निदान १/३०० सेकंदात मिटला पाहिजे, असा ढोबळ नियम सांगतात. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. इतक्या अल्प वेळात पुरेसा उजेड आत यावा म्हणून छिद्र मोठे ठेवावे लागते. आणि छिद्र मोठे ठेवले की पुढचेमागचे पुसट होऊन नेमक्या अंतरावरचेच स्पष्ट दिसते. म्हणून नेम नेहमी डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट असला की चित्र जिवंत वाटते. सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास सर्वांत चांगला, कारण तेव्हा ऊन तिरपे आणि मऊ असते आणि प्राणीही त्याच वेळी हिंडतात.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाईल आहे त्यांनीही निराश होऊ नये. मोबाईलच्या भिंगाला दूरचा पक्षी टिंबाएवढा दिसतो हे खरे. परंतु कोळी, बेडूक, खेकडा, फुलपाखरू यांचे चित्र तो उत्तम काढतो. पावसाळ्यात आपल्या बांधावर या मंडळींची काय वाण आहे?

सुगरणीचे घर

या छंदाला अभ्यासाची जोड मिळाल्यास काय घडते, याचे थोर उदाहरण आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यातच आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. त्यांना असे आढळले की, नर अर्धेच घरटे विणतो, माद्या येऊन ते पाहतात, एखादीने पसंत केले तरच नर ते पुरे करतो, आणि ते झाले की दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो. त्यासाठी ते कुठल्या दूरच्या अरण्यात गेले नव्हते. रोज तेच झाड पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे, एवढ्यावर हा शोध लागला.

हे वाचल्यावर मी आमच्याकडील कालव्यालगतच्या एका शिंदीच्या झाडाचे, पावसाळाभर दर रविवारी, एकाच जागेवरून एकेक छायाचित्र घेतले. सुटे पाहिले तर त्यातील एकही चित्र स्पर्धेत पाठविण्याजोगे नाही. परंतु ओळीने मांडले की कोणते घरटे वाढले, कोणते अर्धेच राहून वाळले, हे शाळकरी पोरालाही कळते. अर्धवट घरटी वाऱ्याने मोडलेली असतात, असे आमच्याकडे समजतात. ती नापसंत झालेली घरे असू शकतात, हे सालिम अलींमुळे समजले. छायाचित्राला वाचनाची आणि वाचनाला छायाचित्राची गरज असते, ती अशी.

धीराचेही एक उदाहरण देतो. मुंबईचे नयन खानोलकर यांना २०१६ साली लंडनच्या जागतिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीतील गल्लीतून रात्री चाललेल्या बिबट्याचे ते चित्र आहे. त्या एका चित्रासाठी त्यांनी सुमारे चार महिने प्रयत्न केला. शेजारच्या वारली लोकांना बिबट्याच्या सोबतीने राहण्याची सवय आहे. वाघोबा हा त्यांचा देव आहे. चित्राचा विषय बिबट्या खरा, पण माणूस आणि जनावर एका गल्लीत कसे राहतात हा त्याचा आशय आहे.

चित्राची किंमत कोण देतो?

आता या छंदाची काळी बाजू. २००९ साली याच स्पर्धेत कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले होते. तो लांडगा पाळलेला असावा असे परीक्षकांचे मत झाले आणि २०१० च्या जानेवारीत पारितोषिक काढून घेण्यात आले. खोटे चित्र कितीही सुंदर असले तरी ते निसर्गाची साक्ष होऊ शकत नाही.

याहून गंभीर प्रश्न घरट्यांचा आहे. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट उरते. तिचे आणि पिलांचे पोट नराने आणलेल्या फळांवर चालते. ढोलीखाली माणसे उभी राहिली की नर जवळ येत नाही, आणि आत उपवास घडतो. आमच्या शेजारच्या आदिवासी वाडीतील माझ्या एका मित्राला बाहेरून आलेल्या काही हौशी मंडळींनी अशीच एक ढोली दाखविण्याबद्दल पैसे दिले. ती रक्कम त्याच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त होती. मंडळी सकाळपासून दुपारपर्यंत झाडाखाली बसली. नर दूरच्या सावरीवर चोचीत फळ धरून येरझाऱ्या घालीत राहिला. दुसऱ्या खेपेस मित्राने नकार दिला. तो म्हणाला, “पैसा मला मिळाला, पण उपाशी ती राहिली.” त्याचे घर काही भरलेले नाही. म्हणून त्याच्या नकाराची किंमत मला कोणत्याही पारितोषिकाहून अधिक वाटते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी घ्यावी लागते, तीही याच कायद्याने. परंतु आपल्या वाडीतल्या झाडावर पहारेकरी नसतो. तेथे आपणच आपले पहारेकरी. घरट्यापासून दूर राहावे. फांद्या तोडून ‘जागा मोकळी’ करू नये. समुद्रकिनारी कासवाच्या पिलांवर प्रकाश टाकू नये, कारण ती उजेडाच्या दिशेने जातात आणि समुद्राची वाट चुकतात. खवले मांजरासारखा चोरट्या व्यापारात सापडणारा प्राणी दिसल्यास त्याचे ठिकाण कोणासही कळवू नये, फक्त वनखात्याला सांगावे. मोबाईलच्या चित्रात जागेची नोंद आपोआप दडलेली असू शकते. पाठविण्यापूर्वी ती बंद करावी.

पोट भरते का?

घरच्या प्रश्नाकडे परत येतो. फोटोने माझे पोट भरत नाही, आणि कदाचित भरणारही नाही. परंतु दूरच्या पाणवठ्यावर पाहुण्यांना शांतपणे बसवून प्राणी दाखविण्याचे काम माझ्या मित्रासारख्या तरुणांना मिळाले, तर त्यांना ढोली विकावी लागणार नाही. हे ज्ञान त्यांच्याजवळ आहे. आमच्या आजोबांजवळ आहे. आम्ही शिकलेली मुले मात्र झाडाचे नाव विसरून परीक्षेला बसतो, ही खेदाची गोष्ट होय.

आपल्या महाविद्यालयापुरती एक सूचना करून लेख पुरा करतो. आपण सर्व जण पेण, रोहा आणि परिसरातील गावांतून येतो. प्रत्येकाने आपल्या गावचा एक पक्षी किंवा एक प्राणी निवडावा आणि वर्षभर त्याचे चित्र, तारीख आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले त्याचे स्थानिक नाव नोंदवावे. मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळी खिंडीच्या परिसरात वाहनाखाली मेलेले उदमांजर वा मुंगूस दिसले, तर त्याचीही नोंद घ्यावी. जनावरे रस्ता कोठे ओलांडतात हे त्यावरूनच कळेल. वर्षाअखेर ही वही ग्रंथालयात ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस या कामाला देता येईल, आणि प्राध्यापकांनी मार्गदर्शन केल्यास नोंदींत चुका राहणार नाहीत. पुढील वर्षी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या तालुक्याची ही वही वाचावयास मिळावी, एवढीच इच्छा आहे.