वाल, नीरा आणि डॉ. कमला सोहोनी

शेतकऱ्याचा माल बाजारांत वजनावर विकला जातो. परंतु त्याची खरी किंमत तो खाणाऱ्याच्या शरीरांत ठरते. मणभर कडधान्यांत प्रथिनें पुष्कळ असलीं, तरी त्यांपैकीं पचतात किती, हें तराजू सांगूं शकत नाहीं. तें सांगणें हें जीवरसायनशास्त्राचें काम होय. आपल्या नित्याच्या कडधान्यांची व ताडमाडांच्या नीरेची अशी पारख करण्यांत ज्यांनीं आयुष्याचा मोठा भाग वेंचिला, त्या डॉ. कमला सोहोनी यांचें चरित्र शेतकरीवर्गानें अवश्य समजून घ्यावें असें आहे.

शिक्षण

कमलाबाईंचें माहेरचें आडनांव भागवत. जन्म १९११ सालीं इंदूर येथें झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले होते. १९३३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची पदवी मिळविल्यावर कमलाबाईंनीं त्याच संस्थेकडे अर्ज केला. त्या वेळीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे संस्थेचे संचालक होते. स्त्रियांस संशोधन झेपत नाहीं, या समजुतीनें त्यांनीं अर्ज नाकारला. कमलाबाईंनीं त्यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष उमेदवारीचें राहील. मार्गदर्शक सांगतील तितकें, रात्रीं उशिरापर्यंतही, काम करावें लागेल. आणि संस्थेचें वातावरण बिघडतां कामा नये! ही शेवटची अट किती अपमानकारक होती, हें निराळें सांगावयास नको.

कमलाबाईंनीं उत्तर दिलें तें कामानें. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा त्यांनीं अभ्यास केला. वर्षअखेर रामन यांचें समाधान झालें, आणि पुढें त्या संस्थेचीं दारें इतर मुलींसही उघडलीं.

यानंतर त्या केंब्रिज येथें गेल्या. तेथें बटाट्यावर काम करीत असतां, श्वसनक्रियेंत भाग घेणारें ‘सायटोक्रोम सी’ हें द्रव्य वनस्पतींच्या पेशींत असतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. काढलेला बटाटा मृत नसतो, तो श्वास घेत असतो. म्हणूनच सांठवणींत त्याचें वजन घटतें व त्यास हवा लागते. हा शेतकऱ्याच्या अनुभवाचा विषय अशा संशोधनानें मुळापासून उलगडतो. कमलाबाईंचा प्रबंध अवघ्या चाळीसएक पानांचा होता. १९३९ सालीं त्यांस पीएच.डी. पदवी मिळाली. विज्ञानांत ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं दिल्लीचें लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा येथें काम केलें. १९४७ सालीं श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशीं विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें अध्यापन व संशोधन करूं लागल्या. पुढें त्या संस्थेच्या संचालकपदावर त्यांची नेमणूक झाली. मात्र तें पद त्यांस विलंबानेंच मिळालें.

वालाचा गुण व दोष

आपल्या पोटांत प्रथिनें पचविणारें ‘ट्रिप्सिन’ नांवाचें एक द्रव्य असतें. कित्येक कडधान्यांत या ट्रिप्सिनास अडविणारा पदार्थ असतो. १९५५ च्या सुमारास कमलाबाई व त्यांचे सहकारी यांनीं वाल आणि डबल बी यांतून असा विरोधी पदार्थ स्फटिकरूपांत वेगळा काढला. हा पदार्थ बियांत निरर्थक नसतो. बी खाणाऱ्या किडीचें पचन बिघडवून तो बियांचें रक्षण करितो. परंतु धान्य कच्चें खाल्लें तर तोच आपल्या पचनाच्या आड येतो. उष्णतेनें त्याचा जोर पुष्कळ कमी होतो. यावरून वाल भिजवून, मोड आणून, सोलून व नीट शिजवून खाण्याची आपल्या घरांतील रीत किती शहाणपणाची आहे, हें ध्यानीं येईल. कच्चें सोयाबीन घातल्यास कोंबड्यांची वाढ खुंटते, त्याचें एक प्रमुख कारणही हेंच होय.

कडधान्यांवरील काम मुंबईंत पुढें निराळ्या अंगानेंही झालें. चेंबूरनजीक ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें ‘टीएयू-१’ हा उडदाचा वाण निर्माण केला व तो १९८५ सालीं महाराष्ट्रासाठीं प्रसारित झाला. धान्याचें उत्पन्न वाढविणें आणि त्याचें पोषणमूल्य जाणणें, हीं एकाच गाड्याचीं दोन चाकें आहेत.

नीरेची परीक्षा

राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनीं नीरेचें संशोधन हातीं घेतलें. तींत ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वें आणि लोह हीं असल्याचें त्यांस आढळलें. नीरा आटवून गूळ केला तरी तीं टिकूं शकतात, असेंही दिसून आलें. आदिवासी भागांतील कुपोषित मुलें व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारांत नीरा घातली असतां त्यांची प्रकृति सुधारली. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपति-पारितोषिक देण्यांत आलें. मात्र नीरा फार नाजूक असते. ऊन लागतांच ती आंबूं लागते व तिची ताडी होते. म्हणून मडकें स्वच्छ ठेवून आंतून चुना लावणें, रात्रीं धरलेली नीरा सकाळींच उतरविणें आणि ती लगेच पिणें किंवा गुळासाठीं चुलीवर चढविणें, ही काळजी घेतली तरच हे गुण पदरीं पडतात.

घ्यावयाचा बोध

आरे दूध योजनेसही कमलाबाईंनीं मालाच्या दर्जाविषयीं सल्ला दिला. १९६६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ग्राहकांच्या संस्थेंत राहून अन्नांतील भेसळ ओळखण्याचें शिक्षण त्यांनीं लोकांस दिलें. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें.

यावरून शेतकरी बंधूंनीं दोन गोष्टी मनांत ठेवाव्या. पहिली ही कीं, वालासारखें साधें धान्य किंवा बांधावरचें ताडाचें झाड हलकें समजूं नये. परीक्षा केल्यावांचून कोणत्याही पिकाचें मोल कळत नाहीं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हीच परीक्षा करणारी मुलगी एका नकारानें घरीं परतली असती, तर आपलें केवढें नुकसान झालें असतें! बीं पेरण्यापूर्वीं आपण त्याची उगवण पाहतों. तें नराचें कीं मादीचें हें विचारीत नाहीं. घरांतील मुलीच्या बुद्धीसही तोच न्याय लावावा, आणि तिला शाळेंतून काढण्यापूर्वीं हें चरित्र एकवार आठवावें.