भिंतीची ओल आणि घरातली बुरशी

आज आधी शब्द पाहू. पावसाळ्यात भिंत ‘ओल धरते’. ओल बरेच दिवस राहिली की रंगाचे ‘पोपडे’ सुटतात. विटांतले क्षार वर येऊन पांढरी पूड जमते, तेव्हा भिंतीला ‘लोणा लागला’ असे म्हणतात. कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उमटतात ती ‘बुरशी’. लोणच्यावर किंवा पावावर येतो तो ‘बुरा’. बंद कपाट उघडल्यावर नाकाला जाणवतो तो वास ‘कुबट’. लोणा आणि बुरशी यांत गल्लत करू नका. लोणा म्हणजे मीठ, पाण्यात विरघळते. बुरशी जिवंत असते.

हा विषय निघाला तो कतारमधून. आपल्या वर्गातली एक विद्यार्थिनी दोहा शहराच्या अल हिलाल भागात राहते. तिने विचारले, “बाई, इथे पाऊस जवळजवळ नाहीच, तरी मुलाच्या खोलीत कपाटामागे बुरशी कशी आली? आजी म्हणते, खिडक्या उघड्या टाक.”

प्रश्न चांगला आहे. अलिबागला वर्षात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोह्याला सरासरी शंभर मिलिमीटरही पडत नाही. पण बुरशीला पाऊस लागत नाही, ओल लागते, आणि दोह्याच्या हवेत ती भरपूर असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आखाताचे पाणी तापून हवा वाफेने जड होते. 34 अंश तापमानाची आणि 70 टक्के आर्द्रतेची हवा घ्या. ती सुमारे 28 अंशांच्या खाली थंड झाली की पाणी सोडू लागते. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसेच हे. घरात एसी 22 अंशांवर चालतो, भिंत गार असते. दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून बाहेरची हवा आत आली आणि कपाटामागे जिथे वारा खेळत नाही तिथे पोचली की भिंत दमट होते. पाण्याचे ओघळ दिसायलाच हवेत असे नाही. भिंतीलगतची आर्द्रता सतत 80 टक्क्यांच्या आसपास राहिली तरी बुरशीचे भागते.

म्हणून आजीचा सल्ला कोकणात बरोबर, जानेवारीत दोह्यातही बरोबर, पण ऑगस्टच्या दोह्यात उलटा. तिथे खिडकी उघडली की ओल बाहेर जात नाही, आत येते. अश्दोदला हिवाळ्यात खिडक्यांच्या कडेला काळे डाग पडतात, तिथे मात्र रोज थोडा वेळ खिडकी उघडणे उपयोगाचे, कारण बाहेरच्या थंड हवेत वाफ कमी असते. आजीला दोष देऊ नका. आपल्या आज्यांना ओलीशी झुंजायची सवय होती. पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाची दुपटी वाळवत, पाऊस सरला की सिद्दूर आणि इतर पुस्तके उन्हात मांडत. शेगडीच्या धुराचे मात्र मी कौतुक करणार नाही. लहान छातीला तोही वाईटच.

आता आरोग्याचे. बुरशी अतिशय सूक्ष्म बीजाणू हवेत सोडते आणि ते आपण श्वासातून घेतो. पुष्कळांना काही होत नाही. काहींना शिंका, चोंदलेले नाक, डोळ्यांना खाज, रात्रीचा खोकला असा त्रास होतो. ज्यांना दमा आहे त्यांचा दमा उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल व बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तक काढले. ओलसर घरांत राहणाऱ्यांत दमा, छातीत घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, असे त्यात नोंदले आहे. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजाराने कमी झाली आहे, त्यांना धोका जास्त. मूल घरी खोकते आणि आठवडाभर बाहेरगावी गेले की खोकला थांबतो, असे होत असेल तर डॉक्टरांना घराविषयीही सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.

2021 साली महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ या शब्दाने लोक घाबरले होते. तो आजार, म्युकरमायकोसिस, वेगळा. कोविडनंतर, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना तो झाला. भिंतीवरचा डाग काळा आहे म्हणून तोच आजार होईल असे नाही, आणि डाग पांढरा आहे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. रंगावरून धोका ठरत नाही.

घराच्या भिंतीवरील डागाविषयी तोराहमध्ये, वायिक्राच्या 14व्या अध्यायात, सविस्तर विधी आहे. मालकाने कोहेनकडे जाऊन सांगायचे. कोहेन तपासायला येण्याआधी घर रिकामे करायचे. डाग हिरवट किंवा तांबूस आणि भिंतीत खोल गेलेला असेल तर घर सात दिवस बंद. पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा खरवडायचा, नवे दगड, नवा गिलावा. तरीही परत आला तर घर पाडायचे. आपले हाखाम याला साधी बुरशी मानत नाहीत, निंदानालस्तीशी त्याचा संबंध लावतात. असे घर कधी झालेच नाही, असेही एक मत तालमूदात आहे. मी वैद्यकाचे पुस्तक म्हणून हा अध्याय शिकवत नाही. पण एक गोष्ट पाहा: यात कुठेही डागावर चुना फासून मोकळे व्हायला सांगितलेले नाही.

आजची घरे मात्र नेमके तेच करतात. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात एका भाड्याच्या घरात बुरशी होती. वडिलांनी 2017 साली तक्रार केली, तेव्हा त्यांना तिच्यावर रंग लावायला सांगण्यात आले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक वारला. मृत्यूचे कारण बराच काळ बुरशीत राहणे हेच, असे 2022 च्या चौकशीत ठरले. पुढे त्याच्या नावाने तिथे कायदा झाला.

तेव्हा अल हिलालच्या घरात आधी पाणी शोधा. एसीची पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे का, गच्चीवरची टाकी किंवा न्हाणीघराचा पाइप पाझरतो का, ते पाहा. ते दुरुस्त झाल्याखेरीज पुसणे व्यर्थ. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र मिळते, आकडा 60 च्या खाली ठेवा. एसीची जाळी धुवा. सुटीत महिना-दीड महिना भारतात येताना घर पूर्ण बंद करू नका. ओल शोषणारे यंत्र लावून त्याची नळी मोरीत सोडा आणि शेजाऱ्याला अधूनमधून पाहायला सांगा. नाहीतर परतल्यावर चपलांवर, चामड्याच्या पिशव्यांवर बुरा दिसेल.

फरशी आणि काच साबणाच्या पाण्याने घासून कोरडी करा. हातमोजे आणि एन-95 मास्क लावा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा. गादी, गालिचा, जिप्समचा पत्रा आतपर्यंत बुरसला असेल तर टाकून द्या. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते. ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा अमोनियात मिसळू नका, विषारी वायू निघतो. डाग एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा. घर भाड्याचे असेल तर मालकाला लेखी कळवा, सोबत तारखेसह फोटो द्या.

अभ्यास: तुमच्या घरातील सर्वांत थोरल्या माणसाला विचारा की त्यांच्या गावच्या घरात ओल कुठून यायची आणि ते काय करत. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘ओल’, ‘पोपडे’, ‘लोणा’, ‘बुरा’ आणि ‘कुबट’ हे पाचही शब्द वाक्यांत वापरा. शिवाय आपल्या घरातले एक कपाट पुढे ओढून मागे काय दिसते, ते पुढच्या तासाला सांगा.