दान स्वीकारण्याची रीत : चीवरापासून पावती पुस्तकापर्यंत



दान कसे द्यावे यावर आपल्या विहारांत पुष्कळ प्रवचने होतात. दान कसे घ्यावे यावर मात्र क्वचितच कोणी बोलते. वर्गणी मागणारा, पावती फाडणारा, पैसे बँकेत भरणारा आणि वर्षअखेर सभेत हिशेब वाचणारा कार्यकर्ता हा आपल्या संस्थांचा कणा असतो; पण हे काम त्याला कोणी शिकवलेले नसते. तो ते अनुभवाने शिकतो, आणि हा अनुभव बहुधा चुकांतून येतो. माझाही तसाच आला. ती हकीकत पुढे येईलच. प्रस्तुत लेखात दान स्वीकारणे, सांभाळणे आणि खर्ची घालणे या कामाचा थोडा अभ्यास मांडण्याचा प्रयत्न आहे. नव्याने कार्यकारिणीत येणाऱ्या तरुणांना त्याचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा.

विनयपिटकातील व्यवस्था

हिशेब, नोंद, पदाधिकारी ही सारी इंग्रजी अमदानीतून आलेली कचेरीची कामे आहेत, धम्माशी त्यांचा काय संबंध, असे काहींना वाटते. त्यांनी विनयपिटकातील महावग्गाचा आठवा खंधक वाचावा. त्याला चीवरक्खंधक म्हणतात. त्यात संघाकडे येणाऱ्या वस्त्रदानाची व्यवस्था कशी बसत गेली ते पायरीपायरीने सांगितले आहे.

लोक चीवर घेऊन विहारात येत, पण ते घेणारा ठरलेला माणूस नसे. कोणाच्या हाती द्यावे हे न कळल्यामुळे लोक ते परत घेऊन जात, आणि संघाकडे वस्त्रे कमी येऊ लागली. म्हणून भगवान बुद्धांनी चीवर स्वीकारणारा भिक्खू नेमण्यास सांगितले. स्वीकारणाऱ्यांनी वस्त्रे घेतली, पण तेथेच टाकून ते निघून गेले; वस्त्रे हरवली. मग नीट ठेवणारा नेमला गेला. त्याने ती मंडपात, झाडाच्या बुंध्याशी, ढोलीत ठेवली. उंदीर आणि वाळवीने ती खाल्ली. म्हणून भांडाराची जागा ठरली. भांडार राखणीविना राहू लागले, म्हणून भांडागारिक नेमला गेला. पुढे भांडार भरून गेले, वाटप करताना गोंगाट झाला, तेव्हा वाटणाऱ्याचे पद निर्माण झाले. मध्यंतरी काही भिक्खूंनी भांडागारिकालाच त्याच्या जागेवरून उठवले, आणि त्याला उठवू नये असाही नियम करावा लागला. कोषाध्यक्षाला मध्येच उठवण्याची हौस त्या काळीही होती, असे म्हणायला हरकत नाही.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की प्रत्येक पद एका प्रत्यक्ष घडलेल्या नुकसानीतून आले. आधी चूक आणि मग नियम. दुसरी अशी की घेणारा, ठेवणारा, राखणारा आणि वाटणारा ही चार कामे चार वेगळ्या पदांवर दिली गेली. नेमणूकही कोणा एकाच्या मर्जीने होत नसे. संघापुढे ठराव मांडला जाई, कोणाला आक्षेप असेल तर त्याने बोलावे असे सांगितले जाई, आणि सारे गप्प राहिले तर संमती मानली जाई.

या पदांसाठी पाच गुण सांगितले आहेत. त्यांपैकी चार सर्वांच्या परिचयाचे आहेत : आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणे. पाचवा गुण मात्र निव्वळ कामाचा आहे. स्वीकारणाऱ्याला काय घेतले आणि काय घेतले नाही हे माहीत असावे. राखणाऱ्याला काय राखले आणि काय राहून गेले हे माहीत असावे. वाटणाऱ्याला काय वाटले आणि काय वाटायचे उरले हे माहीत असावे. केवळ सज्जन असणे पुरेसे मानलेले नाही. माझ्या मते संपूर्ण हिशेबशास्त्र या पाचव्या गुणात आहे.

एका पावतीची हकीकत

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका लहान संस्थेचे कोषाध्यक्षपद माझ्याकडे होते. विहाराच्या स्लॅबसाठी निधी जमवायचे ठरले. आपल्याकडे दान कापसाच्या मागे येते. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, व्यापाऱ्याकडून पैसे हाती येतात, तेव्हाच गावोगाव फिरले तर चार पैसे जमतात. म्हणून घाईने पाच पावती पुस्तके छापून घेतली आणि पाच कार्यकर्त्यांना वाटली. कोणते पुस्तक कोणाला दिले, त्यात कितीपासून किती क्रमांक आहेत, हे मी कोठेही लिहून ठेवले नाही. सारी आपलीच मुले, असा विचार केला.

बुद्ध पौर्णिमेला सभेत दात्यांची नावे वाचली. वाचन संपल्यावर कापूस वेचायला जाणाऱ्या एक वृद्ध मावशी उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, माझं नाव राहिलं का?’’ त्यांच्या पदराच्या गाठीत ५१ रुपयांची पावती होती. पावती खरी होती, सही खरी होती. पण तिची स्थळप्रत आमच्याकडे नव्हती. शोध घेतला तेव्हा ते पुस्तक एका कार्यकर्त्याच्या घरी फळीवर सापडले. त्यातील पैसे त्याने मंडप आणि वीज यांवर खर्च केले होते, आणि खर्च खराच झाला होता. पण बिल नव्हते, व्हाउचर नव्हते, आणि ते पैसे स्लॅबसाठी दिलेले होते. त्या तरुणाने एक पैसाही घरी नेला नव्हता, हे मी सभेत सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. पुढील दोन वर्षे मात्र त्या निधीला फारसे कोणी काही दिले नाही. दोष त्या मुलाच्या माथी बसला. खरे तर तो माझा होता. काय घेतले आणि काय घेतले नाही हे मला माहीत नव्हते.

तेव्हापासून मी एक साधी वही ठेवण्याचा आग्रह धरतो. पुस्तकाचा क्रमांक, पावत्यांचे पहिले व शेवटचे क्रमांक, नेणाऱ्याची सही, परत आल्याची तारीख. रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती जोडूनच ठेवायच्या. जुने पुस्तक जमा झाल्याशिवाय नवे द्यायचे नाही. जमलेली रक्कम जशीच्या तशी बँकेत भरायची. हातातल्या वर्गणीतून परस्पर खर्च करायचा नाही. खर्चासाठी वेगळी रक्कम व्हाउचरवर काढायची. एवढे पाळले तरी निम्मे तंटे मिटतात.

नाशिकच्या लेण्यातील मुद्दल आणि व्याज

जामनेरहून पहूर, वाकोद, फर्दापूर या रस्त्याने अजिंठा लेणी किती जवळ आहेत हे आपण जाणतो. तेथील १६ व्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाचा लेख आहे. २६ व्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राचा आहे. दान कोणी दिले आणि कशासाठी दिले, हे त्यांनी दगडावर नोंदवून ठेवले. परंतु पैशाची व्यवस्था शिकायची असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० व्या लेण्याकडे जावे लागते.

तेथे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेख ४२ व्या वर्षाचा, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेणे संघाला देऊन त्याने ३००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून दिले. अक्षयनीवी म्हणजे न संपणारा ठेवा, आजच्या भाषेत कायम निधी. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : एकीकडे २००० कार्षापण, शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच भोगायचे, असे लेखात स्पष्ट केले आहे. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. १००० चे व्याज इतर किरकोळ गरजांसाठी.

विद्यार्थ्यांनी हे गणित मांडून पाहावे. व्याज दरमहा धरले तर २००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. २४० ला २० भिक्खूंनी भागले की बरोबर १२ येतात. दर वर्षाचा धरला तर हिशेब जुळत नाही. म्हणजे दात्याने आधी खर्च ठरवला, त्यावरून व्याज आणि त्यावरून मुद्दल काढले. आपल्याकडे उलट होते. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ रक्कम देतो, ती चालू खात्यात जाते, आणि दोन वर्षांनी शिष्यवृत्तीही नसते आणि मुद्दलही नसते.

लेखाच्या शेवटी आणखी एक महत्त्वाची बाब आहे. हे दान निगमसभेत ऐकवले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवले गेले. राजाच्या जावयालाही सभेत वाचन आणि फलकावर नोंद या दोन गोष्टी टाळता आल्या नाहीत, किंवा त्याने टाळल्या नाहीत.

आजची बंधने

परमपूज्य बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याविषयी सांगितले. विसावा भाग म्हणजे शंभरात पाच. त्यात एकदाच मोठी देणगी देऊन मोकळे होण्यापेक्षा नियमितपणे देणे अभिप्रेत आहे. असे दान घ्यायचे तर सभासदवार महिन्याची नोंदवही लागते. मागणी करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, अशी नोंदवही ठेवणाऱ्या थोड्या.

आपल्या बहुतेक संस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदलेल्या असतात. या दुसऱ्या कायद्याच्या नावात पूर्वी ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र’ आहे. त्यानुसार विश्वस्तांना नियमित हिशेब ठेवावे लागतात, ३१ मार्चला ते बंद करून तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. लगेच न लागणारी रक्कम बँकेत, टपाल बचत खात्यात किंवा कायद्याने मान्य केलेल्या रोख्यांतच ठेवावी लागते. गरजू सभासदाला संस्थेचे पैसे हातउसने देणे कितीही माणुसकीचे वाटले तरी त्यात बसत नाही. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

आयकरातील सवलतीविषयी एवढेच ध्यानात ठेवावे की ती आपोआप मिळत नाही, संस्थेने त्यासाठी मान्यता घ्यावी लागते. एप्रिल २०१७ पासून २००० रुपयांवरील रोख दानाला ही सवलत राहिली नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून अशा संस्थांना दात्यांचा तपशील आयकर खात्याकडे ऑनलाइन पाठवावा लागू लागला. म्हणून पावतीवर दात्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक त्याच वेळी घ्यावा. नंतर फोन करून मागितला की माणसे कंटाळतात. परदेशी नागरिक झालेल्या नातेवाइकाने पाठवलेली रक्कम २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येते. केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती नम्रपणे नाकारावी, पुतण्या रागावला तरी.

फोनवरून येणाऱ्या पैशाने आमचे काम सोपे केले आणि एक नवी अडचणही आणली. सोय म्हणून क्यूआर कोड कोषाध्यक्षाच्या स्वतःच्या खात्याचा लावला जातो. असे कधीही करू नये. कोड संस्थेच्या खात्याचाच असावा आणि त्याखाली संस्थेचे पूर्ण नाव छापावे. बँकेत रक्कम दिसते, पण ती विहारासाठी की ग्रंथालयासाठी हे दिसत नाही. त्यासाठी दर आठवड्याला पासबुक आणि पावत्या यांचा ताळमेळ घेऊन ज्याची पावती निघाली नाही त्याला विचारावे लागते. दानपेटी दोन साक्षीदारांसमोर उघडावी, तेथेच मोजून, तेथेच सह्या कराव्यात. धान्य, सिमेंटच्या गोण्या, पत्रे, पुस्तके आली तर त्यांची संख्या व वजन लिहावे. आपल्या मनाने किंमत टाकू नये.

लहान संस्थेत चार कामांना चार माणसे कोठून आणायची, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चार नसतील तर निदान दोन असावीत. पावती फाडणारा आणि बँकेत भरणारा एक नसावा. धनादेशावर दोन सह्या असाव्यात. कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवणे हा तर दोन सह्यांचा नियम मोडण्याचाच प्रकार आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास चालतो. फळा मात्र सर्वांना परवडतो. दर महिन्याची जमा, खर्च आणि शिल्लक विहाराच्या दारातील फळ्यावर खडूने लिहायला दहा मिनिटे लागतात.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक उदाहरण देतो. एका दात्याने आईच्या स्मरणार्थ १,००,००० रुपये दिले. मुद्दल कायम ठेवून व्याजातून तीन विद्यार्थ्यांची फी भरावी अशी इच्छा लिहून दिली. व्याजाचा दर शेकडा ६ असताना वर्षाला ६,००० येतात आणि प्रत्येकाला २,००० देता येतात. पुढे दर ५ वर आला आणि व्याज ५,००० झाले. तीन विद्यार्थी ठेवायचे आणि रक्कम कमी करायची, की रक्कम ठेवून दोघांनाच द्यायची आणि उरलेले १,००० पुढील वर्षासाठी राखायचे? दाता हयात असेल तर कोणाला विचाराल, नसेल तर कोणाला? कार्यकारिणीच्या सभेसाठी ठरावाचा मसुदा आठ ओळींत लिहावा, आणि त्या वर्षी फळ्यावर काय लिहाल तेही खाली लिहावे.