कॅम्पर व्हॅनचं टॉयलेट निवडताना

कॅम्पर व्हॅन घेताना पलंग, शेगडी, सोलर पॅनेल यांचा आपण महिनाभर खल करतो आणि टॉयलेटचा विषय ‘बघू नंतर’ म्हणून ढकलतो. स्कॉटलंडमध्ये एखाद्या तळ्याकाठी तीन रात्री काढायच्या असतील, तर खरं म्हणजे तो आधी सोडवायला हवा.

थोडा हिशेब करू. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. शौच जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम. कॅसेट टॉयलेटची टाकी बहुधा १७ ते २० लिटरची. दोघांची लघवी आणि वर फ्लशचं पाणी धरलं, तर ती दोन-तीन दिवसांत भरते.

आता वास. ताज्या लघवीला तो फारसा नसतो. पण शौचातल्या अनेक जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर असतं, ते लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतं. (जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये स्फटिकरूपात वेगळं केलेलं पहिलं विकर ते हेच!) म्हणून सेपरेटिंग टॉयलेटमध्ये लघवी पुढच्या बाटलीत जाते आणि शौच मागच्या डब्यात, नारळाच्या काथ्याच्या भुशावर. बाटलीत थोडं व्हिनेगर घातलं की अमोनिया अमोनियमच्या रूपात विरघळलेला राहतो, हवेत उडत नाही.

या टॉयलेटला ‘कंपोस्टिंग’ म्हणून विकतात, ते मला पटत नाही. आठवडाभरात खत होत नाही, मैला फक्त सुकतो. २ ते २० अंश तापमानात तो दीड ते दोन वर्षं साठवावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जंतांची अंडी चिवट असतात. तेव्हा डबा झाडाखाली रिकामा करणं अजिबात नको.

आपल्या घरांत अडचण वेगळीच येते: आपण पाणी वापरतो. कोरड्या डब्यात रोज दोन-तीन मग पाणी गेलं, की सुकण्याचा प्रश्नच मिटला. तामिळनाडूत मुसिरीच्या इको-सॅन शौचालयांत धुण्याच्या पाण्यासाठी वेगळी जागा ठेवली आहे; व्हॅनमध्ये तेवढी ऐसपैस जागा कुठून आणणार?

त्यामुळे जूनमध्ये आई-बाबा भारतातून येऊन सोबत फिरणार असतील, तर माझं मत सरळ कॅसेटला, आणि शक्यतो जादा टाकीसह. द्रव घ्याल तो फॉर्मल्डिहाइडविना घ्या. कॅम्पसाइटच्या सेप्टिक टँकमधले कामाचे जिवाणू त्याने मरतात. टाकी तिथल्या केमिकल डिस्पोजल पॉइंटवरच ओता. दोघंच असाल आणि कागदावर भागत असेल, तर सेपरेटिंग घ्या.