माजघरात दिवसाचा उजेड

वसईच्या जुन्या कौलारू घरांत माजघरावर एखादे काचेचे कौल बसविलेले असे. स्लॅब आला आणि मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लागू लागला. अशा घरास प्रकाशनळी उपयुक्त ठरते. वरचा पारदर्शक घुमट ऊन घेतो, आतून आरशासारखी चकचकीत नळी ते खाली आणते आणि दुधी झाकण खोलीभर पसरविते. नळी आखूड व सरळ, तितका उजेड अधिक.

खरी कसोटी पावसाची. कौलांच्या छपरावर नळीभोवतीचा पत्रा वरच्या कौलाखाली व खालच्या कौलावर यावा. उलट बसल्यास पाणी घरातच उतरते. स्लॅबवर भोवती सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा कट्टा बांधावा. भोक पाडताना सळई तुटल्यास स्लॅबच दुबळा होतो, म्हणून जागा अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावी. काम मृगापूर्वी उरकून, वर पाणी ओतून पाहावे.