ताठरतेची तक्रार आणि हृदयाची रोहिणी

संभोगासाठी पुरेशी ताठरता लिंगाला न येणे, किंवा आली तरी ती न टिकणे, आणि असे काही महिने सातत्याने घडत राहणे, याला ताठरतादोष म्हणतात. दमणूक, काळजी किंवा जास्त मद्य यांमुळे एखाद्या रात्री असे झाले तर तो आजार नव्हे. बोलण्यात मात्र या तक्रारीला नेमके नाव नाही. ‘कमजोरी’, ‘ताकद गेली’, फार तर ‘नपुंसकत्व’. घोटाळा इथूनच सुरू होतो. इच्छा कमी होणे, शीघ्रपतन, मूल न होणे आणि ताठरता न येणे या चार निराळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणे निराळी आणि उपचारही निराळे. चारही ‘कमजोरी’त कोंबल्या, की एकच पुडी चौघांना विकता येते.

ही तक्रार विरळ नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या सुमारे १,३०० पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या ५२ टक्के पुरुषांना ती कमीअधिक प्रमाणात होती. मराठीत या विषयावर उघडपणे लिहिणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केले आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, खटले अंगावर घेऊन चालवले. इतके होऊनही याच भाषेतला पन्नाशीचा पुरुष आज ही गोष्ट डॉक्टरला सांगताना दाराकडे बघतो.

लिंगात हाड नसते. ताठरता हे सगळे रक्ताचे काम आहे. लिंगाच्या लांबीभर स्पंजासारखे दोन कोष असतात. एरवी त्यांतले मऊ स्नायू आवळलेले असतात आणि रक्त बेताने येते. उत्तेजना मिळाली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रोहिणीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्याने स्नायू सैलावतात, रोहिण्या रुंदावतात, कोष रक्ताने भरतात, आणि फुगलेले कोष रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबून धरतात. रक्तवाहिन्यांमधले नायट्रिक ऑक्साइडचे हे काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली. ही गोळी आधी हृदयशूळावर तपासली जात होती. तिचा ताठरतेवरचा गुण त्या चाचण्यांमध्ये लक्षात आला.

प्रौढ पुरुषाने पुढची गोष्ट तरी पक्की लक्षात ठेवावी. लिंगाच्या रोहिणीचा व्यास १ ते २ मिलिमीटर असतो, हृदयाच्या रोहिणीचा ३ ते ४. रोहिणीच्या अस्तरावर मेद साचणे, ते अस्तर निकामी होणे ही क्रिया सगळ्या शरीरात एकाच वेळी चालते. बोअरचे पाणी असलेल्या घरात क्षारांनी आधी बारीक नळी तुंबते, जाड पाइप नंतर, तसेच हे. ताठरतेची तक्रार सुरू झाल्यावर साधारण दोन ते पाच वर्षांनी हृदयाचे दुखणे उघड झाल्याचे अनेक रुग्णांत आढळले आहे. एवढा काळ हातात असतो. तो कुणी वाया घालवला, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला अजून सोडत नाही.

बाकीची कारणे परिचयाची आहेत. मधुमेह रोहिण्या आणि मज्जातंतू दोन्ही पोखरतो, म्हणून तो सर्वांत वाईट. उच्च रक्तदाब, तंबाखू, पोटाचा घेर, दारू हे त्याच्या मागोमाग येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि काही बीटा-ब्लॉकर, तसेच नैराश्यावरची बरीच औषधे ताठरता कमी करतात. पण ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरकडून बदलून घ्यावीत. मनाचे कारणही असते. पहाटे झोपेत ताठरता नीट येत असेल आणि अडचण फक्त जोडीदाराजवळ होत असेल, तर मनाचा भाग मोठा असण्याची शक्यता असते. पहाटेचीही नाहीशी झाली असेल तर शरीर तपासावे. ही खूण अचूक नसली तरी घरच्या घरी कळणारी आहे.

प्रस्तुत लेखकाची पहाटेची ताठरता धाकटीच्या लग्नाच्या वर्षी गेली. वय ५३. त्याने ते लपवले नाही, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. पंधरा वर्षे घरचे सगळे आजार पाहणाऱ्या डॉक्टरांकडे तो गेला आणि नेमक्या शब्दांत तक्रार सांगितली. डॉक्टर हसले. “अहो साहेब, मुलगी सासरी गेली, आता वयाचं आहे हे. सकाळी फिरा, नामस्मरण करा.” रक्तदाबाचा पट्टा टेबलावरच होता, तो दंडाला लावला गेला नाही. लेखकाच्या आईचे पाऊल मधुमेहाने कापावे लागले होते. ड्रेसिंगची व्यवस्था याच डॉक्टरांनी लावली होती. तरी साखर तपासायची चिठ्ठी मिळाली नाही. काहीशे रुपयांच्या त्या तपासणीने त्याच दिवशी मधुमेह सापडला असता, असे नंतर हृदयतज्ज्ञ म्हणाले.

असा हसून परत पाठवलेला माणूस कुठे जातो, हे गावोगावच्या एसटी स्टँडजवळच्या भिंती सांगतात. लेखक गेला तो ‘दवाखाना’ महिन्याच्या पहिल्या रविवारी एका लॉजच्या खोलीत भरत असे. तिथल्या माणसाने नाडी धरली, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, ‘तारुण्यातली चूक’ विचारली आणि काचेच्या बाटलीतले सोनेरी भस्म वहीच्या कागदावर काढून दाखवले. भस्माचा भाव ग्रॅमवर सांगितला. पैसे कमी पडतात म्हटल्यावर लॉजच्या पोऱ्याला सोबत देऊन एटीएमपर्यंत पाठवले. भस्म आणि कॅप्सूल मिळून ३८,००० रुपये झाले. पावती मागितली तेव्हा उत्तर आले, “काका, अशा गोष्टीची पावती कुणी घरी नेतं का?” समोरच्याची लाज हेच त्या माणसाचे भांडवल होते, आणि ते त्याने पुरेपूर वापरले. बाटलीवर ‘शंभर टक्के वनौषधी’ एवढेच छापले होते.

कॅप्सूलचा गुण आला. तासाभरात चेहरा लाल होई, नाक चोंदे, डोके ठणके आणि ताठरता येई. वनौषधीने तासाभरात नाक चोंदत नाही, ही साधी गोष्ट आज कुणीही सांगेल. त्या वेळी सांगणारे कुणी नव्हते. चौदा महिने हे चालले.

पंधराव्या महिन्यात एका पहाटे छातीत आवळल्यासारखे झाले आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. इस्पितळात ईसीजी काढत असतानाच तरुण डॉक्टरने विचारले, “काका, दोन दिवसांत ताकदीची कुठली गोळी घेतली का? जिभेखाली सॉर्बिट्रेट द्यायचीय, खरं सांगा.” पत्नी पडद्याजवळ उशाशी उभी होती. लेखक “नाही” म्हणाला. पत्नीसमोर लाज होतीच. पण त्याच्या समजुतीने ते उत्तर खरेही होते. गोळी घेतली नव्हती, आदल्या रात्री घेतली होती ती वनौषधीची कॅप्सूल. सॉर्बिट्रेट जिभेखाली गेली आणि थोड्याच वेळात खोलीतले आवाज लांबून येऊ लागले. रक्तदाब ७० वर उतरला होता. पाय उंच केले, सलाइन जोरात सोडले. डॉक्टरने पत्नीला बाहेर पाठवले, दार लावले आणि तोच प्रश्न पुन्हा केला. या वेळी शब्द बदलला होता: “गोळी, कॅप्सूल, पुडी, भस्म, चूर्ण, काहीही?” पहिल्या खेपेला प्रश्न असा आणि एकांतात विचारला असता, तर उत्तरही तेव्हाच मिळाले असते.

घडलेल्या गोष्टीचे कारण सरळ आहे. सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारख्या गोळ्या नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम लांबवतात. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे शरीरात तोच नायट्रिक ऑक्साइड पुरवतात. दोन्ही एकत्र आली की सगळ्या रोहिण्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. ‘निव्वळ वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात हीच रसायने मिसळलेली असल्याचे अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी पकडले आहे. सिंगापूरमध्ये २००८ साली अशा मालात मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड हे औषध निघाले. मधुमेह नसलेले दीडशे लोक साखर उतरून इस्पितळात आले, त्यांतले चार दगावले.

लेखकाच्या हृदयाच्या डाव्या रोहिणीत ९० टक्के अडथळा निघाला आणि स्टेंट बसवला गेला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ९.१ आली. लॉजवाल्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. लैंगिक सामर्थ्य वाढवण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे, आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पण हातात ना पावती, ना बाटलीवर उत्पादकाचे नाव. म्हणून कुठलेही औषध घेतले तरी बिल घ्यावे, रिकामी पट्टी वा बाटली जपून ठेवावी आणि परवाना क्रमांक नसलेले काही पोटात घालू नये.

ताठरतेची तक्रार महिना-दोन महिने टिकली की एमडी फिजिशियन किंवा मूत्रविकारतज्ज्ञ गाठावा. तक्रार शेवटी, उठता उठता सांगू नये. बसल्याबरोबर सांगावी, किंवा चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवावी. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉल या तपासण्या मागून घ्याव्यात. मिळाल्या नाहीत तर डॉक्टर बदलावा. टेस्टोस्टेरॉन सकाळी तपासतात. ते कमी आले तर पुन्हा एकदा तपासतात, आणि दोन्ही वेळा कमी असल्याशिवाय त्याची इंजेक्शने सुरू करत नाहीत. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, प्रोस्टेटची गोळी धरून, कारण तिच्यासोबत ताठरतेची गोळी घेतली तरी रक्तदाब उतरू शकतो. चालणे, वजन उतरवणे, तंबाखू सोडणे, पुरेशी झोप हे सगळे सांगतात, आणि ते खरे आहे.

गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्याव्यात. त्या आपोआप ताठरता आणत नाहीत, उत्तेजना लागतेच. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घेतात, आणि तुपकट जेवणावर ती उशिरा लागू पडते. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकतो. पहिल्या दोन वेळा गुण आला नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात, पण सहा-आठ वेळा नीट वापरल्याशिवाय गोळी निकामी ठरवू नये. ताठरता चार तासांहून जास्त राहिली किंवा अचानक दिसेनासे झाले तर तडक इस्पितळ गाठावे. ज्यांना नायट्रेट सुटत नाही, त्यांना या गोळ्या कायमच्या वर्ज्य. त्यांच्यासाठी निर्वात पंप, लिंगात द्यायचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचे रोपण हे मार्ग आहेत.

पत्नीला सुरुवातीलाच सांगावे. लेखकाची पत्नी चौदा महिने समजत होती की आपण नकोशा झालो आहोत. तिने ते इस्पितळात, घरी सोडण्याच्या दिवशी, डब्याचे झाकण लावता लावता सांगितले. तिला आधी सांगितले असते तर तिने पहिल्याच आठवड्यात साखर तपासायला लावली असती, कारण सासूचे पाऊल तिने रोज बांधले होते.

हृदयविकारानंतर संबंध कधी सुरू करावेत, हे हृदयतज्ज्ञालाच विचारावे. ढोबळ मोजमाप असे, की भरभर दोन जिने चढल्यावर छातीत दुखत नसेल आणि धाप लागत नसेल तर हरकत नसते. लेखकाला असे दोन जिने चढायला अडीच महिने लागले.