रोहिणीत जुना टिलर घेण्याआधी

रोहिणी नक्षत्र लागलं की जुन्या पॉवर विडरची आणि टिलरची विचारपूस वाढते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात मिनी ट्रॅक्टर आल्यावर द्राक्षबागायतदारांच्या शेडमध्ये छोटी यंत्रं पडून राहतात. इकडे नाशिकजवळ मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे घराभोवती दोन-चार गुंठे मोकळे असलेल्यांना मृगाआधी माती भुसभुशीत करून हवी असते. परसबागेसाठी असं जुनं यंत्र घ्यावं का, असं कोणी विचारलं तर बहुतेकांना माझं सांगणं एकच असतं: घेऊ नका, भाड्याने आणा.

हिशेब करून बघा. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, साधारण 101 चौरस मीटर. दोन फूट रुंदीचा विडर एका पाळीला जेमतेम 170 मीटर चालतो. वळणं आणि झाडांचे अडथळे धरले तरी दोन गुंठ्यांची उभी-आडवी पाळी तास-दीड तासात उरकते. खरिपाच्या भाज्यांआधी एकदा आणि रब्बीच्या मेथी-पालकाआधी एकदा, एवढंच काम. बाकीचे अकरा महिने यंत्र पोर्चमध्ये उभं, आणि यंत्र चालून बिघडत नाही तितकं उभं राहून बिघडतं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, जुन्या यंत्राच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे वॉशर खराब करतं. दर हंगामाला आधी मेकॅनिक शोधायचा आणि मग माती कसायची, असं होऊन बसतं.

दहा गुंठ्यांच्या पुढे जागा असेल, टोमॅटो-वांगी-मिरचीच्या ओळींमधलं तण पावसाळाभर काढावं लागत असेल, किंवा शेजारची तीन-चार घरं मिळून एक यंत्र वापरणार असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जुनं यंत्र जरूर बघा. पण तेरा अश्वशक्तीचा मोठा डिझेल टिलर परसात आणू नका. त्याचं वजन चारशे किलोच्या घरात असतं, कुंपणाच्या कोपऱ्यात तो वळत नाही. पाच ते सात अश्वशक्तीचा विडर पुरतो.

यंत्राआधी जमीन बघा. नव्या कॉलन्यांत बांधकामाच्या वेळी मुरूम आणि विटांचे तुकडे भरलेले असतात. तिथे पाती तुटतात, दगड उडून लागतात, आणि खाली पाण्याची, विजेची किंवा गॅसची लाइन असू शकते. अशा जागी आधी टिकावाने वीतभर खोल खणून बघा. दुसरं, हराळी किंवा लव्हाळा माजलेल्या जागेत विडर मुळीच घालू नका. पाती हराळीचे तुकडे करतात, लव्हाळ्याच्या गाठी इकडेतिकडे पसरवतात, आणि पहिल्या पावसाबरोबर तुकड्यातुकड्यातून नवं रोप उभं राहतं. हे तण पाऊस पडायच्या आत कुदळीने मुळासकट खणून, उन्हात वाळवून काढावं लागतं. या कामाला यंत्र उपयोगी नाही.

इतकं करूनही घ्यायचं ठरलं, तर विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर सायलेन्सरजवळ हात धरा. ऊब लागली तर यंत्र आधी तापवून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन सहज सुरू होत नसावं. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचा खर्च डोक्यावर आहे. काळा धूर बऱ्याचदा एअर फिल्टर साफ केल्यावर जातो, त्याला घाबरू नका. ऑइलची पट्टी काढून बोटांवर चोळा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, चमचमते कण लागले तर आतले भाग झिजताहेत.

आपल्या भागातल्या यंत्रांत एक जागा हटकून तपासावी लागते. बागेतल्या सुतळ्या, तारेचे तुकडे आणि ठिबकच्या फाटक्या नळ्या रोटरच्या शाफ्टला गुंडाळल्या जातात आणि ऑइल सील कापतात. पाती काढायला लावा, शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर येतो तिथे कापड फिरवा. ओलं झालं तर गिअरबॉक्सचं ऑइल गळतंय, आणि तसंच चालवलं असेल तर गिअरही खाल्लेले असणार. शाफ्ट हाताने वर-खाली हलवा, खडखड नको. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीत वापरलेल्या यंत्रावर मोरचुदाची हिरवट-निळी पुटं असतात, त्याखालचा पत्रा आणि नटबोल्ट गंजलेले निघतात. क्लचची मूठ सोडताच पाती थांबली पाहिजेत. थांबत नसतील किंवा रोटरवरचं गार्ड काढून टाकलेलं असेल, तर किंमत कितीही कमी असो, घरात लहान मुलं असताना ते यंत्र आणू नये.

चाचणी कोरड्या जमिनीवर घेऊन उपयोग नाही. दोन-तीन दिवस आधी विकणाऱ्याकडे एक पट्टा भिजवून ठेवायला सांगा. चार बोटं खोलची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून पसरली तर वाफसा आला. त्या पट्ट्यात अर्धा तास सलग चालवा, रिव्हर्स गिअरही टाका. काळ्या मातीत वाफशाआधी विडर घातला तर ढेकळं दगडासारखी वाळतात, आणि दरवेळी एकाच खोलीवर फिरवत राहिलं तर खाली कडक थर बसतो.

भाव ठरवताना नव्याची किंमत हाताशी ठेवा. नावावर सातबारा असेल तर शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर नव्या यंत्राला 40 ते 50 टक्के अनुदान मिळू शकतं, जुन्याला नाही. म्हणून सातबारा असलेल्याने आधी तो अर्ज करावा. पाती, बेल्ट, केबल नाशिकमध्ये मिळतात का हे फोन करून विचारा. मूळ बिलावरचा आणि इंजिनवरचा नंबर जुळवून विक्रीची पावती लिहून घ्या.

यंत्र टेम्पोत चढवण्याआधी विकणाऱ्याच्याच दारात पाती आणि चाकं पाण्याने स्वच्छ धुवा. त्यांना चिकटलेल्या चिखलातून लव्हाळ्याच्या गाठी आणि सूत्रकृमी तुमच्या वाफ्यात येतात.